यंत्र येईपर्यंत

१६ जून १९९७

रोह्याहून सकाळची गाडी. जिते स्टेशनवर उतरले आणि बांधावरून चालत शाळेत.

मुख्याध्यापक घरत सर. पन्नाशी उलटलेली. बोलणं कमी. त्यांनी 'संगणक कक्ष' दाखवला. दारावर पाटी नवी, रंगाचा वास अजून गेलेला नाही. आत टेबल, भिंतीला प्लग, शिवणाच्या बाईंनी शिवलेलं प्लॅस्टिकचं आवरण घडी करून ठेवलेलं. संगणक नाही.

"कधी येणार?"

"येईल. संस्थेने सांगितलंय. तोवर तुम्ही गणित घ्या."

"सर, मी संगणक शिकवायला आलेय."

"कशावर शिकवणार?"

"मुलांवर."

त्यांनी कक्षाचं दार ओढून घेतलं. माझं उत्तर मला आवडलं. परतताना गाडीत पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं.

संस्थेचे सेक्रेटरी हैबतराव यांनी रोह्याच्या कचेरीत स्पष्टच सांगितलं होतं. नेमणूक गणपतीपर्यंत. त्याआधी ते स्वतः येऊन बघतील. नववीचा हा विषय उभा राहिलेला दिसला तर वर्षभर चालू. नाहीतर विषय बंद आणि जागाही बंद. तीन वर्षांत ही माझी चौथी शाळा. आधीच्या सगळ्या रजेच्या जागा होत्या. ज्यांची रजा होती त्या परत आल्या, मी निघाले. इथे परत येणारं कोणी नाही. ही जागा माझ्याआधी कोणाची नव्हती.

राहील. मी ठेवीन.

२० जून

पुठ्ठ्याचे पाच पत्ते केले. एकावर एक ठिपका, मग दोन, चार, आठ, सोळा. पाच मुलं फळ्यापुढे उभी केली, प्रत्येकाच्या हातात एक पत्ता. समोर धरला तर ठिपके मोजायचे, पालथा धरला तर मोजायचे नाहीत. यंत्राला एवढंच कळतं: आहे, नाही.

"एकोणीस करा," म्हटलं. गोंधळ. मग सोळा, दोन आणि एक उलगडले. "बावीस!" आता वर्गच ओरडायला लागला. "आठवाल्या, झोप! चारवाल्या, ऊठ!" प्रणितच्या हातात एकचा पत्ता होता. त्याने बराच वेळ बघून जाहीर केलं, "बाई, सम आकडा आला की आपल्याला सुट्टी." हे मी सांगितलेलं नव्हतं.

घरत सर दारात उभे होते. केव्हापासून, माहीत नाही.

"गोंगाट फार होतोय."

मी मुलांना गप्प केलं. तरी ते गेले नाहीत. "एकतीसच्या पुढे कसं जाणार?" त्यांनी विचारलं. मला अडवायला विचारलं असणार.

"आणखी एक पत्ता, सर."

"किती ठिपक्यांचा?"

"बत्तीस."

मान हलवून गेले.

मधल्या सुट्टीनंतर टेबलावर पत्ते नव्हते. शिपाई केरू म्हणाला, "मी कशाला घेऊ, बाई? मला ठिपकं मोजायची काय हौस?" त्याचं मला खरं वाटलं नाही. नवे करीन.

२७ जून

वर्गाला सांगितलं, आज तुम्ही यंत्र. मी सांगेन तेवढंच काढायचं. विचारायचं नाही, विचारही करायचा नाही.

माझ्या मनात किटली होती.

"मोठा गोल काढा. त्याच्या डोक्यावर लहान गोल. एका बाजूने वाकडी नळी, टोक वर वळलेलं. दुसऱ्या बाजूला अर्धगोल."

तिसऱ्या वाक्याला कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. माना खाली, हात भराभर. फिरून पाहिलं. सगळ्या कागदांवर गणपती. किटली एकही नाही. हमरापूरच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या गावच्या मुलांनी मुकुट घातले होते, शेला दिला होता, पायाशी उंदीर बसवला होता. निशिगंधा मोकलच्या गणपतीचे डोळे माझ्याकडे बघत होते.

"मी सोंड म्हटलं का?"

"नाय बाई. पन ती सोंडच ना?"

"मुकुट म्हटलं?"

"गनपतीला मुकुट नाय तर काय टोपी घालू?" प्रणित म्हणाला.

मी म्हटलं, यंत्र अंदाज बांधत नाही. सांगितलं तेवढंच करतं.

"मंग ते कामाचं नाय," निशिगंधा म्हणाली. "आमच्याकडं असा मानूस ठेवला तर बाबा दुसऱ्या दिवशी घालवतील."

वर्ग हसला. मी हसू आवरलं. आवरायला नको होतं.

मग उलट केलं. मी यंत्र, त्यांनी सांगायचं. "गोल काढा," अमोल ठाकूर म्हणाला. मी फळ्यावर खडू टेकवला आणि हात पुरेल तेवढा मोठा गोल काढत फळ्याबाहेर गेले, भिंतीवर गेले. "थांबा! बाई, थांबा!" थांबले. खडू तसाच भिंतीला लावून. "पुढं?" कोणालाच सुचेना. मग निशिगंधा उठली. "खडू उचला. फळ्याच्या मधोमध टेकवा. वीतभर रुंद गोल काढा. सुरुवात केली तिथं आला का थांबा." तिचा आवाज वेगळा झाला होता. नेमका. दुसऱ्याच्या हाताला आपला डोळा देत असल्यासारखा.

तास संपल्यावर घरत सरांनी गणपतींचे कागद मागून घेतले. सगळे. "राहू द्या माझ्याकडे." सेक्रेटरींना दाखवणार, हे उघड आहे. केरू म्हणत होता की सरांना या जागेवर चित्रकलेचा शिक्षक हवा होता. आता त्यांच्या हाती पुरावा आला.

पण पाठ चुकला नाही. पहिला भाग फसला म्हणून दुसरा झाला. विचारलं तर हेच सांगेन.

१२ जुलै

शाळेमागच्या चिखलात तास घेतला. मुलांनी बोटांनी चर काढले आणि दारं म्हणून कौलांचे तुकडे बसवले. एका चरात एकामागे एक दोन दारं: दोन्ही उघडी तरच पाणी पुढे जातं. शेजारीशेजारी दोन चर, प्रत्येकाला एक दार: कोणतंही एक उघडलं तरी पुरतं. यंत्राच्या पोटात अशीच दारं असतात, विजेची. खाडीकाठच्या मुलांना हे शिकवावं लागलंच नाही. अमोल बादलीने पाणी सोडत होता आणि हमरापूरच्यांना बांध घालायची अक्कल नाही असं सांगत होता.

"तुमी मातीचं देव करता, आमी मातीचं शेत," तो म्हणाला. "तुमचा देव पान्यात इरघळतो. आमचं शेत नाय इरघळत."

"मागल्या साली बांध फुटला तवा?" निशिगंधा म्हणाली. अमोलने बादली तिच्या पायावर ओतली.

तिसरं दार राहिलं. जे येईल त्याच्या उलट करणारं. आलं तर बंद, नाही आलं तर उघडं. त्याला चिखलात उदाहरण सापडेना. मी विचार करत उभी होते तेवढ्यात घरत सर पँट दुमडून चिखलात उतरले.

"बाई, खाडीच्या बांधाची उघाडी पाहिलीत का कधी? लाकडी दार असतं. भरतीचं पाणी आलं की आपोआप मिटतं. पाणी गेलं की उघडतं. कोणी हात लावत नाही."

"माहिती चांगली आहे, सर," मी म्हटलं.

ते चिखलातून बाहेर आले. मग हात धुऊन गेले. तास चालू असताना मध्येच गावाकडची माहिती द्यायची त्यांची सवय आहे. अमोल सरांच्या पाठीकडे बघून "बाई, पन तेच तर..." असं काही म्हणत होता, पण घंटा झाली.

तिसऱ्या दाराचं उदाहरण अजून सुचलेलं नाही.

२४ जुलै

वर्ग अर्धा रिकामा. हमरापूरची मुलं येत नाहीत. गणपतीचे दिवस जवळ आले, कारखान्यात हात हवेत. शाळेत कोणाला याचं आश्चर्य नाही. हजेरी घेताना त्यांची नावं मी वाचली की उरलेला वर्ग एकसुरात म्हणतो, "रंगात!"

सेक्रेटरी आले तर काय बघतील? बाकं.

हे लिहून ठेवते, कारण आज थोडी भीती वाटली. उद्या वाटणार नाही.

२७ जुलै

रविवार. हमरापूरला गेले. निशिगंधाची आई, सगुणाबाई, यांनी बसायला पाट दिला. पाटाएवढीच जागा होती. बाकी सगळीकडे गणपती. पांढरे, मग अंगाचा रंग दिलेले, मग पीतांबर नेसलेले, मग दागिने घातलेले. प्रत्येक जण एकच काम करतो आणि मूर्ती पुढच्याकडे सरकवतो. डोळे शेवटी. ते फक्त निशिगंधाचे वडील आखतात. यंदा लहान मूर्तींची एक रांग निशिगंधाला दिली आहे.

मी तिला हाक मारणार होते. सगुणाबाईंनी माझा हात धरला.

"आता नको. डोळा आखताना ती श्वास पन घेत नाय."

रेघ पुरी झाली. निशिगंधाने श्वास सोडला, मला बघून लाजली आणि पुढची मूर्ती घेतली.

"पोरगी तुमचं नाव काढते," सगुणाबाई म्हणाल्या. "पन गनपती थांबत नाय गो बाय. त्यो गेला का पोरगी तुमचीच."

"तोवर माझा विषय बंद होईल."

"असा कसा होईल? घरत सर येतात की दर आयतवारी. पोरांना गोल बसवतात, कोनाला ऊठ म्हनतात, कोनाला झोप. हसून हसून मरतात पोरं. रंग सांडतात मेली."

सर गणपती ठरवायला येत असतील, असं मी म्हटलं.

"सरांचा गनपती तर आमच्या दिरानं कवाच बाजूला काढून ठेवलाय."

सर मोठ्या घरचे. दर रविवारी येऊन मूर्ती बघून जात असतील. मुलांना हसवण्याची कला त्यांच्यात आहे हे मात्र माहीत नव्हतं. शाळेत तरी कधी दिसली नाही.

निघताना सगुणाबाईंनी उरलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा दिला. "शाळेत लागेल कशाला तरी."

लागेल.

९ ऑगस्ट

आजचा दिवस चांगला.

मैदानावर डिस्टेंपरने नकाशा काढला. एका टोकाला सहा चौकोन, दुसऱ्या टोकाला सहा. मध्ये रेघा आणि रेघा जिथे भेटतात तिथे वर्तुळं. सहा जण आकडे घेऊन सुरुवातीच्या चौकोनात उभे राहतात, कसेही. वर्तुळात दोघे भेटले की आकडे दाखवायचे. लहान आकडा आधी निघतो, डावीकडच्या रेघेने. मोठा मागून, उजवीकडच्या. पुढच्या वर्तुळात दुसरा कोणी भेटतो. पुन्हा तेच. कोणीही सगळी रांग बघत नाही. कोणाला काही ठरवायचं नसतं. तरी पलीकडे पोचतात तेव्हा सगळे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे.

पहिल्यांदा झालं तेव्हा मुलांचा विश्वास बसला नाही. आकडे बदलले. पुन्हा ओळीत. अमोल आणि प्रणितने लबाडी करून बघितली. लगेच पकडले गेले. मग धावत. मग अनवाणी धावत, कारण चपला रेघा पुसत होत्या.

"आमी यंत्र!" म्हणून ओरडत घरी गेली.

शाळा सुटल्यावर पिशवी न्यायला परत आले, तर घरत सर मैदानात एकटेच, चपला हातात घेऊन रेघेवरून चालत होते. वर्तुळात थांबायचे, मग वळायचे. मैदान खराब झालं का ते बघत असणार. मला बघून त्यांनी चपला घातल्या.

"पावसाने पुसेल हे," म्हणाले.

"पुन्हा काढीन," मी म्हटलं.

२२ ऑगस्ट

हैबतराव एक सप्टेंबरला येणार. सहाला गणेश चतुर्थी. म्हणजे हमरापूरच्या कारखान्यांत टेम्पो भरायचे दिवस. वर्गात खाडीकाठची मुलं तेवढी असतील, तीही सगळी नाहीत.

ऑफिसात घरत सर फोनवर होते. दार लोटलेलं, आवाज मोठा. "नंतर! नंतर, साहेब! गणपतीनंतर!" बराच वेळ तेच. मग, "बरं. तुमची इच्छा."

म्हणजे यंत्रही गणपतीनंतरच. तेही सरांनीच पुढे ढकललं. दार उघडून त्यांनी मला पाहिलं. चेहरा पडलेला होता. पकडला गेलेला माणूस असाच दिसतो.

"बाई, एक तारखेला..."

"मी तयार आहे, सर."

आणि आहेच.

१ सप्टेंबर

सविस्तर लिहिते.

हैबतराव अकराला आले. पांढरे कपडे, काळा चष्मा. संगणक कक्षात गेले, टेबल बघितलं, बाहेर आले.

"यंत्र रोह्याच्या शाळेला दिलं. पुढचं कधी येईल सांगता येत नाही. तुमचं काय आहे ते दाखवा. किटलीचं मला कळलंय. घरत तासभर सांगत होते."

तक्रार केली होती म्हणजे. मी घरत सरांकडे पाहिलं नाही.

त्यांना मैदानावर नेलं. सकाळी रेघा पुन्हा काढल्या होत्या. सहा चौकोन आणि मुलं तीन. बाकीची आलीच नव्हती. मी काही बोलायच्या आत घरत सर गेले, माझ्या हातातला एक पत्ता घेतला आणि चौकोनात उभे राहिले. चाळीस. मग त्यांनी केरूला हाक मारली. केरूला आठ.

"अजून एक हवा," घरत सर म्हणाले. "साहेब, तुम्हीच या."

हैबतरावांना नाही म्हणता आलं नाही. मुलं बघत होती. त्यांना तेवीस दिला. चष्मा काढून त्यांनी नियम ऐकून घेतला.

निघाले सगळे. घरत सर कुठेही अडखळले नाहीत. नशीब. एका वर्तुळात त्यांच्यासमोर अमोल आला, हातात पाच, आणि बुजून थांबला. "सर, तुमी आधी." घरत सर म्हणाले, "आकडा बघ, अमोल. माणूस बघू नकोस." अमोल डावीकडे गेला.

शेवटच्या वर्तुळात केरू आणि हैबतराव भेटले. आठ आणि तेवीस. केरूने आधी जायचं होतं. केरू एक पाऊल मागे सरला, मान लववली आणि म्हणाला, "साहेब, व्हा पुढं." साहेब पुढे झाले. डावीकडच्या रेघेने. केरू मागून उजवीकडे गेला.

ओळ उभी राहिली. तीन, पाच, तेवीस, आठ, चाळीस, सत्तावन्न.

हैबतरावांनी दोन्हीकडे पाहिलं. "चुकलं तुमचं यंत्र."

चूक कुठे झाली ते दिसत होतं, पण ते सांगायचं म्हणजे केरूला त्याच्या साहेबांसमोर चूक ठरवायचं, किंवा साहेबांना केरूसमोर. विषय, जागा, सगळं त्या दोन चौकोनांत उभं होतं.

"केरूमामा," मागून आवाज आला. निशिगंधा. कोपरापर्यंत हात सोनेरी. कधी आली कळलं नाही. बाहेर रस्त्यावर त्यांचा टेम्पो उभा होता. "तुमचा आकडा लहान. तुमी आधी जायचं."

"साहेबांच्या आधी?" केरू म्हणाला.

"हितं साहेब नाय. तेवीस हाय."

प्रणितने डोळे मिटून घेतले.

हैबतरावांनी हातातला पत्ता बघितला. "खरंय," ते म्हणाले. "मी तेवीस." आणि परत येऊन वर्तुळात उभे राहिले. "चला केरू. निघा."

केरूही वर्तुळात आला, पण निघेना. घरत सर आपल्या चौकोनातून न हलता म्हणाले, "केरू, आठ आकडा आहेस. जा." केरू गेला. मान खाली, पण डावीकडे आणि आधी. साहेब मागून. ओळ बरोबर लागली.

मग हैबतरावांनी आकडे स्वतः वाटले. पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्या वेळी ते धावले.

जीपमध्ये बसताना त्यांनी विचारलं, "यंत्र आलं तर हे बंद करणार?"

"नाही."

"मग यंत्र कशाला हवं?"

"यंत्र दमत नाही, साहेब."

ते रुमालाने मान पुसत होते. हसले की दमले होते, कळलं नाही. निकाल सांगितला नाही. जाताना घरत सरांना बाजूला घेऊन बोलले. घरत सर बराच वेळ हातवारे करत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

निशिगंधा टेम्पोबरोबर पेणला गेली.

८ सप्टेंबर

रोहा. घरी गणपती. निरोप नाही.

मी बरोबर शिकवलं. यात शंका नाही. शंका फक्त निकालाची, आणि तो माझ्या हातात नाही. घरत सर माझ्याविरुद्ध किती बोलले असतील, याचा विचार आरतीत दोनदा मनात आला. दोनदाच.

१८ सप्टेंबर

शाळा भरली. हमरापूरची सगळी मुलं परत. नखांत अजून रंग.

घरत सरांनी ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं. मी उभी राहिले.

"विषय राहिला," ते म्हणाले. "तुमची नेमणूक वर्षभर. यंत्र यंदा नाही."

मी बसले.

"आणि एक. हैबतरावांची इच्छा आहे, आठवीलाही सुरू करावा. याच महिन्यात. पण दोन्ही वर्गांचा तास एकाच वेळी येतो. वेळापत्रक हलवता येत नाही."

"मग आठवीला कोण घेणार, सर?"

त्यांनी टेबलावरची पेनं सरळ केली. "मी घेईन म्हणतो. तुमची हरकत नसेल तर."

काय बोलणार? मुख्याध्यापक आहेत. त्यांचा विरोध मावळला, याचा आनंद झालाच. माझ्या कामाने मावळला, हे मी स्वतःशी म्हणायला हरकत नाही. पण संगणकातलं सरांना अक्षरही माहीत नाही. आठवीची मुलं पहिल्याच तासाला काहीतरी विचारतील आणि सर अडकतील. विषयाचं नाव जाईल.

म्हटलं, "सर, मी तुम्हाला शिकवीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिकवाल?"

"सोमवारपासून. मधल्या सुट्टीत. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, संकोच करायचा नाही."

"बरं," ते म्हणाले. खिडकीकडे वळले. खांदे हलत होते. खोकला असावा.

सोमवारची तयारी आत्ताच करून ठेवली. घाई करायची नाही. या वयात माणसाला नवं काही शिकवताना धीर धरावा लागतो.